हृदयाचे ठोके मोजताना: घरच्या घड्याळापासून दवाखान्यातल्या होल्टरपर्यंत

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत घराघरांत ऑक्सिमीटर आला. त्याच्या पडद्यावर दोन आकडे दिसायचे, पण सगळ्यांचा जीव टांगलेला असायचा तो ऑक्सिजनच्या आकड्यात. शेजारचा दुसरा आकडा नाडीचा होता, आणि कपाटात पडून असलेला तो चिमटा आजही नाडी दाखवू शकतो. दंडाला पट्टा गुंडाळून रक्तदाब मोजणारं डिजिटल मशीनही वरचं आणि खालचं प्रेशर दाखवून झालं की तिसऱ्या ओळीत नाडी दाखवतं. त्यात आता मनगटावरच्या घड्याळांची भर पडली आहे. मुलाने वाढदिवसाला दिलेलं घड्याळ बाबांच्या हातावर असतं, फिरायला जाणाऱ्या मावशींच्या हातावर बँड असतो. मशीन घरात आलं, पण त्यातला कोणता आकडा मनावर घ्यायचा, कोणता सोडून द्यायचा आणि कोणता घेऊन डॉक्टरांकडे जायचं, हे सहसा कोणी सांगितलेलं नसतं.

माझं म्हणणं आधीच मांडतो. ठोक्यांचा नुसता आकडा फारसं काही सांगत नाही. तो कोणत्या अवस्थेत घेतला, तुमचा नेहमीचा आकडा किती असतो आणि त्या वेळी तुम्हाला काय होत होतं, हे तिन्ही माहीत असेल तरच त्याला अर्थ येतो. खाली दिलेली सगळी पद्धत या तीन गोष्टी हाताशी ठेवण्यासाठी आहे.

आधी बोटांनी नाडी मोजायला शिका

घड्याळ कितीही महाग असलं तरी त्याची खातरजमा करायला आपली दोन बोटं लागतात, म्हणून सुरुवात इथून. पाच मिनिटं शांत बसा. डावा तळहात वर करून हात टेबलावर किंवा मांडीवर सैल ठेवा. अंगठ्याच्या मुळाकडून मनगटाकडे या. तिथे बाहेरच्या बाजूला हाड लागतं आणि आतल्या बाजूला ताणलेल्या दोऱ्यांसारखे स्नायूबंध लागतात. या दोहोंच्या मधल्या खळग्यात उजव्या हाताची तर्जनी आणि मधलं बोट अलगद टेकवा. अंगठा वापरू नका, त्याची स्वतःची नाडी जाणवते आणि मोजणी चुकते. जोरात दाबलं तर नाडी नाहीशी होते, म्हणून आधी दाबा आणि मग हळूहळू सोडत जा. एका क्षणी ठोका बोटाखाली स्पष्ट उमटेल.

भिंतीवरच्या घड्याळाच्या सेकंद काट्याकडे पाहत ३० सेकंद मोजा आणि दुप्पट करा. ठोके एका लयीत पडत नसतील, मध्येच एखादा गळत असेल किंवा लवकर येत असेल, तर पूर्ण मिनिट मोजा. नाडी सापडल्यावर मोजण्याइतकंच लयीकडेही लक्ष द्या. ठोके समान अंतराने येतात का? लय एरवी ठीक आणि मधूनच एखादा ठोका चुकतो का? की कशाचा कशाला मेळ नाही? हा तिसरा प्रकार महत्त्वाचा आहे, त्याकडे पुढे येऊ.

मानेवरची नाडी मोजायची झाल्यास एका वेळी एकाच बाजूची मोजा, तीही हलक्या हाताने. वयस्कर माणसांनी तर मानेच्या नादी लागूच नये. तिथे दाब पडून ठोके एकदम मंदावू शकतात आणि चक्कर येऊ शकते.

यंत्राला नेमकं काय दिसतं

ठोके मोजायच्या दोन वेगळ्या रीती आहेत आणि त्यांतला फरक कळला की बरेच गोंधळ आपोआप मिटतात.

पहिली रीत विजेची. प्रत्येक ठोक्याआधी हृदयाच्या स्नायूंतून एक सूक्ष्म विद्युतलहर जाते. ती कातडीवरून पकडायची म्हणजे ईसीजी. नेदरलँड्समधल्या लायडनच्या विलेम आइंटहोव्हेन यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ज्या यंत्राने हे नीट करून दाखवलं, ते काही क्विंटल वजनाचं होतं. रुग्णाला दोन्ही हात आणि एक पाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत बुडवून बसावं लागे. १९२४ साली त्यांना नोबेल मिळालं. दवाखान्यातला ईसीजी, आयसीयूतला मॉनिटर, धावपटू छातीला बांधतात तो पट्टा आणि घड्याळातली ईसीजीची सोय ही सगळी याच घराण्यातली.

दुसरी रीत उजेडाची. घड्याळ काढून पालथं केलं तर मागे लुकलुकणारा हिरवा दिवा दिसतो. रक्त हिरवा उजेड शोषून घेतं. ठोका पडला की मनगटातल्या बारीक रक्तवाहिन्यांत रक्त भरतं आणि परत येणारा उजेड कमी होतो, ठोका ओसरला की तो वाढतो. ही चढउतार मोजून घड्याळ आकडा काढतं. ऑक्सिमीटरचं तत्त्वही हेच, फक्त त्यात लाल आणि डोळ्यांना न दिसणारा अवरक्त उजेड असतो.

म्हणजे घड्याळ बहुतेक वेळ हृदयाकडे पाहतच नसतं. ते मनगटापर्यंत पोचलेली रक्ताची लाट पाहतं. याचा परिणाम असा की हृदयाने अवेळी मारलेला कमजोर ठोका मनगटापर्यंत न पोचल्यास तो घड्याळाच्या हिशेबातच येत नाही. काही जणांत एक नीट, एक अवेळी असा ठोक्यांचा क्रम बराच वेळ चालतो. ईसीजीवर त्यांचे ठोके ८० असतात आणि घड्याळ, ऑक्सिमीटर, बोटं तिन्ही ४० सांगतात. घड्याळ बिघडलं असं समजून लोक ते बदलून आणतात आणि नवंही तेच दाखवतं. अशा वेळी घड्याळाच्या दुकानात जाण्यापेक्षा ईसीजी काढून घ्यावा.

घालायचं कसं

घड्याळ मनगटाच्या हाडावर बसत असेल तर ते चुकीच्या जागी आहे. हाडापासून एक-दोन बोटं कोपराच्या दिशेने सरकवा. रोजच्या वापरात ते घट्ट नको, पण हात हलवल्यावर सरकायलाही नको. व्यायामाच्या वेळी पट्टा एक भोक आवळा आणि नंतर परत सैल करा.

आपल्याकडे बांगड्यांचा प्रश्न येतोच. पाटल्या, बिलवर आणि त्यांच्या मागे-पुढे काचेच्या बांगड्या असल्या की घड्याळ एकतर त्यांच्या खाली दबतं किंवा हाडावर ढकललं जातं, आणि प्रत्येक हालचालीला सेन्सर कातडीवरून उचलला जातो. खाली उजेड शिरला की आकडा भरकटतो. बांगड्या काढा असं मी सांगणार नाही. घड्याळ बांगड्यांच्या वर, कोपराच्या बाजूला घाला. तिथे हात जाड असल्यामुळे पट्टा पुरत नसेल तर लांब पट्टा घ्या. दंडाला किंवा कोपराखाली बांधायचे उजेडावर चालणारे पट्टेही मिळतात, हालचालीच्या वेळी ते मनगटापेक्षा बरे चालतात.

घाम, तेल आणि साबणाचा थर सेन्सरवर साचतो. दोन-तीन दिवसांनी ओल्या मऊ कापडाने तो पुसा. गडद गोंदण असेल तर उजेड अडतो, तेव्हा दुसरं मनगट वापरा. थंडीत हात गार पडले की मनगटातलं रक्त कमी होतं आणि घड्याळ चाचपडतं. पहाटे बाहेर पडणाऱ्यांनी हात आधी थोडे गरम करून घ्यावेत.

सगळ्यात मोठा घोटाळा हाताच्या तालबद्ध हालचालीने होतो. धावताना मिनिटाला १६० ते १८० पावलं पडतात आणि घड्याळ कधीकधी त्या पावलांचाच ताल ठोके म्हणून दाखवतं. ढोलपथकातल्या मुलांच्या बाबतीतही टिपरूच्या माराचा हात हलत असताना मनगटावरचा आकडा विश्वासाचा नसतो. सोपी युक्ती अशी: आकडा एकदम वर गेला आणि तुम्हाला तेवढी धाप लागलेली नसेल, तर थांबा, हात स्थिर करा आणि १५ सेकंदांनी परत पाहा. खरा ठोका हळूहळू उतरतो, खोटा आकडा क्षणात कोसळतो.

नवं घड्याळ आणलं की पहिल्याच दिवशी परीक्षा घ्या. शांत बसून एका हातात घड्याळ, दुसऱ्या हाताच्या बोटाला ऑक्सिमीटर, आणि घरातल्या कोणाला तरी नाडी मोजायला सांगा. चार-पाच ठोक्यांच्या आत तिघांचं जमलं तर घड्याळ बसल्या जागी ठीक आहे. मग जिना चढून येऊन तेच करा. चालण्याच्या आणि धावण्याच्या वेळचा भरवसा मात्र छातीच्या पट्ट्याइतका कोणत्याच मनगटी घड्याळाचा नाही. कमी वेळात वेग वाढवायचा, परत कमी करायचा अशा प्रकारचा सराव करत असाल तर छातीचाच पट्टा घ्या. त्याचे दोन काळे पॅच पाण्याने ओले करून, छातीच्या उभाराच्या लगेच खाली, मधोमध नीट टेकेल असा बांधा. कोरडा बांधला तर पहिली दहा मिनिटं, घाम येईपर्यंत, तो काहीही सांगतो.

तुमचा नेहमीचा आकडा काढा

प्रौढ माणसाचे विश्रांतीतले ठोके मिनिटाला ६० ते १०० असतात, असं पुस्तकात लिहिलेलं असतं. हा पल्ला फार रुंद आहे. नेहमी ६२ असणाऱ्या बाईंचे ठोके आठवडाभर ८५ राहिले, तर पुस्तकाच्या हिशेबाने सगळं ठीक आहे आणि त्यांच्या हिशेबाने काहीतरी बदललं आहे. म्हणून स्वतःची पायाभूत नोंद हवी.

सकाळी उठल्यावर, चहाच्या आधी, अंथरुणात किंवा खुर्चीत पाच मिनिटं शांत बसून मोजा. मोबाइल हातात नको. हेच तीन आठवडे करा आणि एका वहीत तारीख, आकडा आणि त्यापुढे एखादा शब्द लिहा: झोप कमी, सर्दी, प्रवास, उपास, पाळी, लग्नाची धावपळ. घड्याळ रात्री घालून झोपत असाल तर ते रात्रीचा सरासरी आकडाही देईल. तो सकाळच्या आकड्यापेक्षा कमी असतो आणि तरण्या, व्यायाम करणाऱ्या माणसाचा झोपेत ४५ पर्यंत उतरला तरी घाबरायचं कारण नसतं.

आता हा आकडा कशाने हलतो ते पाहा. ताप एक अंश सेल्सिअसने वाढला की ठोके मिनिटाला साधारण दहाने वाढतात. म्हणजे १०२ फॅरनहाइट तापात वीसेक ठोके जास्त येणं अपेक्षितच आहे. पाळीच्या आधीच्या दोन आठवड्यांत बऱ्याच बायकांचे ठोके दोन-चारने चढतात. गरोदरपणात ते दहा-वीसने वाढतात. रात्री उशिरा जड जेवण किंवा दारू, मळलेली तंबाखू, सिगारेट, दम्याचा सालब्युटामॉलचा पंप, नाक मोकळं करणाऱ्या सर्दीच्या काही गोळ्या या सगळ्यांनी ठोके वाढतात. उन्हातून आल्यावर, अंगातलं पाणी कमी झाल्यावरही वाढतात.

यातलं काहीच कारण नसताना विश्रांतीतले ठोके दोन-तीन आठवडे सतत ९५-१००च्या पुढे राहिले, तर हिमोग्लोबिन आणि थायरॉइडची रक्ततपासणी करून घ्या. मला हा मुद्दा ठळकपणे सांगायचा आहे, कारण आपल्याकडे बायकांचा थकवा आणि धडधड ‘टेन्शन घेतेस’ या दोन शब्दांत मोडीत काढली जाते. अंगात रक्त कमी असेल तर तेवढाच ऑक्सिजन पोचवायला हृदयाला जास्त फेऱ्या माराव्या लागतात. तीन आठवड्यांची वही डॉक्टरांपुढे ठेवली की टेन्शनचा मुद्दा बाजूला पडतो आणि तपासणीची चिठ्ठी मिळते.

उलट, व्यायाम न करणाऱ्या माणसाचे जागेपणी ठोके ५०च्या खाली असतील आणि सोबत चक्कर, डोळ्यांपुढे अंधारी किंवा चालताना दम लागत असेल, तर लवकर ईसीजी काढा. आधी एवढं तपासा की मेटोप्रोलॉल, एटेनोलॉल, प्रोप्रॅनोलॉल, डिल्टियाझेम यांपैकी एखादी गोळी चालू आहे का. प्रोप्रॅनोलॉल अर्धशिशीसाठी किंवा हात थरथरत असतील तर त्यावरही देतात, त्यामुळे आपण हृदयाची गोळी घेतोय हे माणसाच्या ध्यानीमनी नसतं. या गोळ्या ठोके कमी करण्यासाठीच असतात. घड्याळावर ५४ पाहून कोणीही त्या परस्पर बंद करू नयेत. त्या अचानक थांबवणं धोक्याचं असतं.

व्यायामात आकडा कसा वापरायचा

२२० वजा वय हे सूत्र सगळ्यांना पाठ असतं. ते ढोबळ आहे. २०८ वजा वयाच्या सात दशांश, हे २००१ सालचं सूत्र वय वाढेल तसं जास्त बरोबर येतं. तरीही ही सरासरी आहे, एखाद्याची खरी कमाल त्यापेक्षा दहा-बाराने वर किंवा खाली असू शकते.

आता ४५ वर्षांच्या, विश्रांतीत ६८ ठोके असणाऱ्या माणसाचं उदाहरण घेऊ. २०८ वजा ३१.५, म्हणजे कमाल साधारण १७६. त्यातून ६८ वजा केले की १०८ उरतात. ही त्याची शिल्लक. शिल्लकेच्या ४० टक्के म्हणजे ४३ आणि ६० टक्के म्हणजे ६५. दोन्हींत ६८ परत मिळवा: १११ ते १३३. मध्यम व्यायामासाठी त्याने या पल्ल्यात राहायचं. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम करायला सांगते, तो हाच. हा पल्ला खरा की नाही याची परीक्षा बोलून होते. मध्यम व्यायामात पूर्ण वाक्य बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही. आकडा १२० असताना दोन शब्दांनंतर दम लागत असेल तर तुमच्या शरीराचं ऐका आणि वेग कमी करा. ठोके कमी करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांना तर हे सूत्र लागूच पडत नाही, त्यांनी बोलण्याचीच परीक्षा वापरावी आणि मर्यादा डॉक्टरांकडून घ्यावी.

घड्याळाने आपोआप आखलेले झोन, म्हणजे ठोक्यांचे असे पल्ले, बहुतेक वेळा फक्त वयावरून काढलेले असतात. सेटिंगमध्ये जाऊन आपली कमाल आणि विश्रांतीचे ठोके हाताने भरा.

मुंबईत धावणाऱ्यांनी एक गोष्ट ओळखून ठेवावी. दमट हवेत घाम वाळत नाही, अंग थंड करायला हृदयाला कातडीकडे जास्त रक्त पाठवावं लागतं, आणि वेग तोच ठेवला तरी तासाभरात ठोके दहा-पंधराने चढतात. मुंबई मॅरेथॉनमध्ये पेडर रोडचा चढ येतो तेव्हा हे चढलेले ठोके आणि चढावाची मेहनत एकत्र येते. तिथे वेग राखायचा हट्ट धरण्यापेक्षा ठोके राखावेत, चढावर पावलं आखूड करावीत आणि गेलेला वेळ उतारावर पाहावा. साताऱ्याच्या यवतेश्वर घाटातही हाच हिशेब.

व्यायाम थांबवल्यावर पहिल्या मिनिटात ठोके किती उतरतात तेही टिपा. नियमित चालणाऱ्याचे वीस-तीस सहज उतरतात. महिन्या-दोन महिन्यांत हा उतार वाढत गेला तर दमसास वाढतो आहे. वजनकाट्यापेक्षा ही खूण लवकर दिसते, म्हणून मला ती फार आवडते.

घड्याळातला ईसीजी

काही घड्याळांत बाजूच्या बटणावर दुसऱ्या हाताचं बोट ठेवलं की ३० सेकंदांचा ईसीजी निघतो. ॲपलने ही सोय २०१८ मध्ये चौथ्या मालिकेच्या घड्याळात आणली, नंतर इतरांनीही दिली. ईसीजीची पट्टी नीट यायची असेल तर खुर्चीत पाठ टेकून बसा, दोन्ही हात टेबलावर ठेवा, बोट ओलसर असू द्या पण दाबू नका, आणि बोलू नका. धडधड होत असेल तेव्हाच काढा. धडधड थांबल्यावर काढलेली नॉर्मल पट्टी काहीच सिद्ध करत नाही.

हे घड्याळ मुख्यतः एक गोष्ट शोधतं: एट्रियल फिब्रिलेशन. हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन न पावता थरथरत राहतात आणि नाडी पूर्ण बेताल होते. मघाशी सांगितलेला तिसरा प्रकार तो हाच. त्यात हृदयात गुठळी होऊन पक्षाघाताचा धोका सुमारे पाचपट वाढतो, आणि कित्येकांना काहीच जाणवत नाही. गुठळी टाळणारी औषधं असतात, म्हणून हा दोष वेळीच सापडणं मोलाचं.

अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठाने घड्याळांवर केलेल्या अभ्यासात ४ लाख १९ हजारांहून जास्त लोक होते. त्यांतल्या जेमतेम अर्धा टक्का लोकांना बेताल नाडीची सूचना आली. सूचना आल्यानंतर ज्यांनी छातीवर पॅच लावून तपासणी पूर्ण केली, त्यांतल्या ३४ टक्क्यांत फिब्रिलेशन पॅचवर दिसलं. उरलेल्यांची सूचना खोटीच होती असं नाही, कारण हा दोष येतो आणि जातो, आणि पॅच नंतर लावला होता. तुम्हाला सूचना आली तर घाबरून रात्री धावपळ करू नका, पण दुर्लक्षही करू नका. पट्टीची पीडीएफ जपून ठेवा आणि त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा. घड्याळ स्वतः निदान करत नाही, निदान डॉक्टर ईसीजी पाहून करतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं. हे घड्याळ हार्ट अटॅक ओळखू शकत नाही. दवाखान्यातला ईसीजी हृदयाकडे बारा बाजूंनी पाहतो, घड्याळ एकाच बाजूने. छातीत दाब किंवा जळजळ, ती डाव्या हाताकडे, जबड्याकडे किंवा पाठीकडे जाणं, गार घाम, अचानक दम लागणं यांपैकी काही होत असताना घड्याळावर ७४ आणि ‘सामान्य लय’ असं दिसलं तरी त्याचा काडीइतका आधार घेऊ नका. मधुमेही आणि वयस्कर माणसांत, बायकांत तर छातीत न दुखता नुसता दम, मळमळ आणि विलक्षण अशक्तपणा एवढ्यावरही अटॅक येतो. १०८ ला फोन करा, स्वतः गाडी चालवू नका. माणूस बेशुद्ध पडला तर त्याच्या घड्याळाकडे पाहण्यात एक सेकंदही घालवू नका. श्वास नीट चालू नसेल तर छाती दाबायला लागा.

दवाखान्यातली यंत्रं

साधा ईसीजी दहा सेकंदांचा असतो. पट्टीवरून ठोके तुम्हालाही मोजता येतील. कागद सेकंदाला २५ मिलिमीटर सरकतो, त्यामुळे एक मोठा चौकोन म्हणजे एक पंचमांश सेकंद. दोन उंच टोकांमध्ये किती मोठे चौकोन आहेत ते मोजा आणि ३०० ला तेवढ्याने भागा. चार चौकोन असतील तर ठोके ७५. लय बेताल असेल तर हे चालत नाही, तेव्हा खालच्या लांब ओळीत दहा सेकंदांत पडलेली टोकं मोजून सहाने गुणा.

आठवड्यातून एकदा येणारी धडधड दहा सेकंदांत कशी सापडणार? त्यासाठी होल्टर, म्हणजे अंगावर लावून एक-दोन दिवस सतत ईसीजी नोंदवणारं यंत्र. अमेरिकेतल्या माँटाना राज्यातल्या नॉर्मन होल्टर यांचं पहिलं यंत्र सुमारे ३८ किलोचं होतं आणि पाठीवर वाहून न्यावं लागे. आज तोच डबा काडेपेटीपेक्षा थोडा मोठा आहे आणि कमरेला लटकतो. होल्टर लावायच्या दिवशी काय करावं हे नीट सांगितलं जात नाही, म्हणून जरा तपशिलात सांगतो.

जायच्या आधी साबण लावून आंघोळ करा, कारण नंतर २४ किंवा ४८ तास आंघोळ नाही. छातीला तेल, पावडर, व्हॅसलिन काही लावू नका, छातीवर चिकटवलेल्या वायरींच्या टिकल्या, म्हणजे इलेक्ट्रोड, निसटतात. पुरुषांच्या छातीवरचे केस तिथे काढावे लागतात, घरून काढून गेलात तर बरं. पुढून बटणं असलेला सैल सुती सदरा किंवा ब्लाउज घाला. यंत्राचं घड्याळ आणि तुमचं घड्याळ जुळवून घ्या, नोंदवही यंत्राच्या वेळेनुसार लिहायची असते.

आणि मग घरी येऊन झोपून राहू नका. ही चूक फार होते. वायरी लावल्या म्हणून माणूस दिवसभर पलंगावर पडून राहतो, रिपोर्ट छान येतो आणि सोमवारी बाजारातून येताना परत धडधड होते. जिना चढल्यावर त्रास होत असेल तर जिना चढा, नेहमीची कामं करा, नेहमीच्या गोळ्या डॉक्टरांनी थांबवायला सांगितल्या नसतील तर घ्या. वहीत असं लिहा: ‘सकाळी ११:४०, दुसरा मजला चढल्यावर धडधड, दोन मिनिटं, चक्कर नाही.’ नुसतं ‘दुपारी बरं वाटलं नाही’ याचा वाचणाऱ्याला उपयोग होत नाही. त्रास झाला की यंत्रावरचं बटण दाबा आणि वेळ लिहा. एखादा इलेक्ट्रोड सुटला तर चिकटपट्टीने दाबून बसवा आणि तेही लिहा.

महिन्यातून एकदा होणाऱ्या त्रासासाठी छातीवर आठवडा-दोन आठवडे चिकटवायचा पॅच असतो. कारण न सापडता माणूस वारंवार बेशुद्ध पडत असेल, तर कातडीखाली बसवायचा छोटा रेकॉर्डर असतो, तो वर्षानुवर्षं नोंद ठेवतो. कोणता लावायचा हे त्रास किती दिवसांनी येतो यावर ठरतं, म्हणून डॉक्टरांना ‘कधी कधी’ असं सांगण्यापेक्षा तारखा सांगा.

आयसीयूबाहेर बसलेल्या नातेवाइकांसाठीही थोडं. आत भेटायला गेलं की नजर रुग्णाआधी मॉनिटरवर जाते. वरची टोकदार रेघ ईसीजीची, तिच्याशेजारचा आकडा ठोक्यांचा. खालची गोलसर लाटांची रेघ बोटाच्या चिमट्याची, तिथे ऑक्सिजन आणि नाडी. रुग्ण कुशीवर वळला, थंडीने कुडकुडला, दात घासत असला तरी वरची रेघ वेडीवाकडी होते आणि अलार्म वाजतो. वायर सुटली तर रेघ सपाट होते. अशा वेळी खालच्या लाटा नीट चालू असतील आणि माणूस तुमच्याशी बोलत असेल तर हृदय चालू आहे. नर्स अलार्म ऐकून आधी रुग्णाच्या चेहऱ्याकडे पाहतात आणि मग पडद्याकडे, तो निष्काळजीपणा नसतो, तीच बरोबर रीत आहे.

पेसमेकर असेल तर, आणि यंत्र विकत घेताना

पेसमेकर किंवा शॉक देणारं यंत्र बसवलेल्यांनी मोबाइल आणि घड्याळ त्या जागेपासून किमान १५ सेंटिमीटर दूर ठेवावं, कारण त्यांतल्या चुंबकांचा परिणाम होऊ शकतो. सदऱ्याच्या वरच्या खिशात मोबाइल नको. घड्याळ शक्यतो दुसऱ्या हातात घालावं. शरीरातली चरबी मोजणारं फीचर अंगातून सूक्ष्म वीज सोडतं, ते अशांनी वापरू नये. छातीचा पट्टा डॉक्टरांना विचारूनच.

विकत घेताना दंडाचं रक्तदाब मशीन आणि छातीचा पट्टा या दोन गोष्टींवर खर्च झालेला मला चालतो, घड्याळ मधल्या किमतीचं पुरतं. ईसीजीची सोय हवी असेल तर ती भारतात चालू आहे का ते कंपनीच्या संकेतस्थळावर पाहा, परदेशातून आणलेल्या घड्याळात ती बंद असू शकते. बोट न टोचता रक्तातली साखर दाखवतो असा दावा करणारं घड्याळ घेऊ नका. औषधं आणि वैद्यकीय यंत्रांवर देखरेख ठेवणाऱ्या अमेरिकेच्या एफडीएने फेब्रुवारी २०२४ मध्ये अशा घड्याळांविरुद्ध स्पष्ट इशारा दिला आहे, आणि त्या आकड्यावर इन्शुलिन घेतलं तर जिवावर बेतेल.

घड्याळ घेतल्यापासून दर दहा मिनिटांनी मनगट पाहायची सवय लागली असेल, आकडा पाहून धडधड वाढत असेल आणि धडधड वाढली म्हणून परत आकडा पाहिला जात असेल, तर सूचना बंद करा. फक्त बेताल नाडीची आणि विश्रांतीत १२०च्या वर जाण्याची सूचना चालू ठेवा. बाकी आकडा सकाळी एकदा वहीत लिहायचा.

डॉक्टरांकडे जाताना मोबाइलमधले शंभर आलेख दाखवायला बसू नका, त्यांना तेवढा वेळ नसतो. एका कागदावर लिहून न्या: तीन आठवड्यांतले सकाळचे ठोके, सगळ्यात कमी आणि सगळ्यात जास्त, त्रास झाला त्या तारखा, वेळा, किती मिनिटं आणि तेव्हा काय करत होतात, चालू असलेल्या सगळ्या गोळ्या, आयुर्वेदिक आणि दुकानातून परस्पर आणलेल्या धरून, आई-वडील किंवा भावंडांपैकी कोणाचा तरुणपणी अचानक मृत्यू झाला असेल तर ते. घड्याळाच्या ईसीजीची पट्टी असेल तर तिची प्रिंट जोडा आणि तिच्यावर लिहा की तेव्हा धडधड होत होती की नव्हती.